जुन्या खाणीच्या नोंदी : वर्ष दुसरे

८ जून

मृग लागला, पाऊस मात्र अजून आलेला नाही. आज नव्या वहीचं पहिलं पान. गेल्या वर्षीच्या वहीत सगळी झाडंच होती: किती लावली, किती जगली, टँकर कधी आला. पक्षी दिसले तर समासात लिहायचो. यंदा उलटं करायचं ठरवलंय. पक्षी पानावर, झाडं समासात.

जागेविषयी एकदा नीट लिहून ठेवते, वही पुढे दुसऱ्या कुणाच्या हाती गेली तर अडायला नको. नाशिकमधल्या म्हसरूळच्या पुढची ही जुनी दगडखाण. हवा स्वच्छ असली की उत्तरेला रामशेज किल्ला दिसतो. वीसेक वर्षं इथून काळा दगड निघाला, त्याची खडी झाली आणि ती आपल्याच घरांच्या स्लॅबमध्ये गेली. वस्ती जवळ आली तसे सुरुंग बंद झाले आणि रिकाम्या खड्ड्यात राडारोडा पडू लागला. अर्धा खड्डा त्यानेच भरला. त्यावर वीतभर काळी माती टाकली आहे, तिथे आमची झाडं आहेत. या बाजूला आम्ही ‘भराव’ म्हणतो. उरलेल्या खड्ड्यात पाणी साचतं, तो ‘डोह’. डोहाच्या एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला पूर्वी ट्रक खाली जायचे तो ‘उतार’. आणि दक्षिणेला ‘बांध’. खाण उघडताना वरचा मुरूम खरवडून ढीग घातला होता, तोच हा बांध, दोन पुरुष उंच.

पद्धत अशी: महिन्यातून दोनदा, सूर्य उगवताच, एकच वाट, हेच चार थांबे, प्रत्येक ठिकाणी १५ मिनिटं. पाहिलेला पक्षी वेगळा, नुसता ऐकलेला वेगळा. ओळखू आला नाही तर ‘अनोळखी’ लिहायचं, अंदाजाने नाव द्यायचं नाही. थांब्याप्रमाणे यादी वेगळी ठेवायची, हे यंदाचं नवं. कोणता पक्षी जागेच्या नेमक्या कोणत्या तुकड्यावर जगतो, ते मला समजून घ्यायचंय.

आजचे: डोहावर टिबुकली ३, खंड्या १. बांधावर चिरकाची जोडी. भरावावर बुलबुल, साळुंक्या, कावळे.

२२ जून

रात्री दोन तास पडला. सकाळी बांधावर पोचतो तोच बाभळीच्या शेंड्यावर चातक. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, चोच उघडी. आफ्रिकेतून समुद्र ओलांडून हा पक्षी मोसमी वाऱ्यांबरोबर इकडे येतो आणि सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. आमच्याकडे सातभाई भरपूर आहेत, म्हणून तो इथे थांबला असावा. पलीकडच्या मळ्यातून पावशाचं ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ चाललं होतं. तिकडे खरंच सोयाबीनची पेरणी सुरू होती.

मामांनी (इथले रखवालदार, आयुष्याची पंधरा वर्षं याच खाणीत काढलेले) आज पहिल्यांदा माझ्याकडून दुर्बीण मागून घेतली. चातकाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “ह्याला मी दरसाल बघतो ताई, पण डोळा लाल असतो की काळा हे आज कळलं.”

६ जुलै

लागवड. गेल्या वर्षीची चूक इथे स्पष्ट लिहायला हवी. तेव्हा आम्ही रोपवाटिकेतून मिळाले ते गुलमोहर आणि रेन ट्री लावले, आणि जागा ‘स्वच्छ’ करायची म्हणून टणटणीबरोबर सगळं गवतही कापून काढलं. त्यानंतर तीन महिने मुनिया दिसली नाही, राखी वटवट्याचा आवाज बंद झाला. गवताचं बी हेच मुनियांचं खाणं आणि गवताच्या बुडातच वटवट्याचं घरटं. आम्ही एका दिवसात दोन्ही उचलून नेलं होतं.

यंदा बोर, हिवर, बाभूळ, पांगारा, काटेसावर आणि दोन उंबर. खड्डे दीड फुटांचे. खाली काँक्रीटचे तुकडे लागतात, पहार खणखणते. जिथे पहार अजिबात जात नाही तिथे झाड लावायचा हट्ट सोडला. गवताला हात लावायचा नाही. टणटणीसुद्धा एकदम न काढता दर वर्षी एक पट्टा काढायचा, म्हणजे तिच्या आडोशाला राहणाऱ्यांना हलायला वेळ मिळेल.

३ ऑगस्ट

डोहावर वाकलेल्या बाभळीला सुगरणीच्या खोप्यांची वस्ती झाली आहे. अकरा खोपे मोजले, पूर्ण फक्त चार. बाकीचे टोपासारखे अर्धवट.

एक नर कसा विणतो ते आज अगदी जवळून पाहिलं. उतारावरच्या उंच गवतावर तो उतरला. पात्याच्या कडेला, बुडाजवळ, चोचीने बारीकशी खाच पाडली. मग ती कडा चोचीत घट्ट धरून सरळ वर उडाला. पात्याची दोऱ्यासारखी लांब चीर निघाली, त्याच्याहून दुप्पट लांब. ती घेऊन खोप्यावर आला, टोक आत खुपसलं, पलीकडून ओढून घेतलं, पुन्हा खुपसलं. एक चीर संपवायला त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. खोपा अर्धा झाला की नर त्याला लटकून पंख फडफडवतो आणि मादी येऊन तपासते. तिला पसंत पडला तर तो पुढची नळी विणतो. पसंत पडला नाही तर तो अर्धाच लोंबत राहतो. म्हणजे ते सात अर्धवट खोपे सगळेच अपुरं काम नव्हेत, काही नाकारलेले असणार.

गेल्या वर्षी हेच गवत आम्ही कापलं होतं आणि बाभळीवर एकही खोपा नव्हता. दोन गोष्टींचा संबंध मला तेव्हा लागला नव्हता.

१७ ऑगस्ट

पावसामुळे दोनच थांबे झाले. भोरड्यांचा मोठा थवा डोक्यावरून पूर्वेकडे गेला. डोह काठोकाठ.

२१ सप्टेंबर

उतारावर पहिला धोबी. करडी पाठ, पिवळं पोट, शेपटी एकसारखी वरखाली. हिवाळी पाहुण्यांची वर्दी हाच आणतो.

आणि त्याच उताराच्या तोंडाशी रात्रीत कुणीतरी दोन ट्रक राडारोडा ओतून गेलेलं. फोडलेल्या टाइल, सिमेंटच्या गोण्या, कमोडचे तुकडे. मामा रात्री जेवायला घरी जातात तेवढ्या वेळात हे झालं. ते इतके अस्वस्थ झाले होते की सकाळपासून एकटेच घमेलं घेऊन उपसत होते. आम्ही सहाजण लागलो तरी संध्याकाळ झाली. आडवा दगड लावून वाट बंद केली आहे.

५ ऑक्टोबर

कड्याच्या पायथ्याशी थिरथिरा. काळी छाती, विटकरी पोट, दगडावर बसल्या बसल्या शेपूट थरथर. गेल्या वर्षीही याच दगडावर होता. तोच पक्षी की दुसरा, सांगता येणार नाही. पण मामा म्हणतात तोच, आणि मला ते मानावंसं वाटतं.

९ नोव्हेंबर

पक्षी सप्ताह चालू आहे. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, या दोन तारखांना जोडून राज्याने हा आठवडा ठरवला. त्यानिमित्त जवळच्या शाळेची सातवीची मुलं आली होती. चौतीस मुलं आणि दुर्बिणी चार. म्हणून वेगळं केलं: पहिली वीस मिनिटं सगळ्यांनी बांधाखाली डोळे मिटून बसायचं आणि किती वेगवेगळे आवाज येतात ते बोटांवर मोजायचं. कुणी सहा मोजले, कुणी नऊ. एका मुलीने चौदा मोजले. त्यातला एक वाऱ्यावर हलणाऱ्या प्लास्टिकचा निघाला, पण बाकीचे तेरा बरोबर होते. शिंपी पक्ष्याचा आवाज तिने ‘कुणीतरी लहान कात्री वाजवतंय’ असा सांगितला. मी इतकी वर्षं तो आवाज ऐकते आहे, यापेक्षा चांगलं वर्णन मला सुचलं नव्हतं.

१४ डिसेंबर

नांदूरमध्यमेश्वर. आम्ही सातजण आणि मामा. पहाटे पाचला निघालो, सायखेड्यामार्गे चापडगाव. निफाडकडची थंडी काय असते ते गाडीतून उतरताच कळलं. बोटं दुर्बिणीचं चाक फिरवेनात.

हे अभयारण्य मी अनेकदा पाहिलंय, पण यंदा एक प्रश्न मनात धरून गेले होते: इतके पक्षी इथेच का? उत्तर पाण्यात नाही, गाळात आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात दगडी बंधारा बांधला, तो कालव्यांना पाणी वळवायला. नद्यांनी वर्षानुवर्षं गाळ आणून टाकला. साठवण घटली, पाणी पसरट आणि उथळ झालं, मध्ये गाळाची बेटं उभी राहिली, त्यांवर पाणगवत वाढलं. कुणीही पक्ष्यांसाठी म्हणून काही केलं नव्हतं. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून नाव लागलं. धरणाच्या हिशेबात जो तोटा होता तोच चक्रवाकांचा आणि शेकाट्यांचा संसार ठरला.

मनोऱ्यावरून स्कोप लावला. तलवार बदक, थापट्या, हळदी-कुंकू, जांभळ्या पाणकोंबड्या, चमचे, मोर शराटी. दूर बेटावर चक्रवाकांची जोडी. वारकरी पक्ष्यांची तर गणतीच नाही. ते पाण्यावर सुटे सुटे चरत होते. तेवढ्यात भोवत्या नावाचा एक शिकारी पक्षी बेटाच्या गवतावरून खालून खालून तरंगत आला. क्षणात शेकडो वारकरी चारी बाजूंनी सरकून एकमेकांना चिकटले, पाण्यावर काळी सतरंजी अंथरल्यासारखे. भोवत्या पुढे गेला आणि सतरंजी पुन्हा उसवली. मामा मनोऱ्याच्या कठड्याला धरून उभे होते. हळूच म्हणाले, “सुरुंगाचा भोंगा झाला की आम्ही पण असेच एका जागी गोळा व्हायचो.”

तिथला तरुण गाइड जवळच्या गावचा. त्याने दाखवलं की पाणी कमी-जास्त झालं की पक्षी कसे जागा बदलतात. कालव्याचं आवर्तन सुटलं की वरच्या धरणांतून पाणी येतं, काठ बुडतो, चिखलात टिपणारे पक्षी हटतात. पाणी उतरलं की ओला चिखल उघडा पडतो आणि दुसऱ्या दिवशी तुतवारांची रांग हजर. पाणी ओसरल्यावर शेतकरी गाळपेर करतात, त्या ओल्या वाफ्यांतही बगळे आणि धोबी असतात.

परतताना गाडीत आमच्या चार थांब्यांच्या याद्या काढून बसले. डोह खोल आणि काठ उभा, म्हणून तिथे टिबुकली आणि कवड्या खंड्या यांच्यापलीकडे फारसं कुणी नाही. पण उतार! ट्रकच्या चाकांनी दबलेला तो तिरपा रस्ता पाण्यात बुडालेला आहे. जसजसं पाणी खाली जातं तसतसा त्याचा एकेक हात चिखल उघडा पडतो. आमच्याकडचं नांदूरमध्यमेश्वर एवढंच आहे: बारा पावलं रुंद आणि शंभर पावलं लांब. तीन महिन्यांतले सगळे तुतवार, धोबी आणि शेकाट्ये त्या एकाच पट्ट्यावरचे आहेत.

१५ जानेवारी

बाभळीच्या टोकाला पांढरी पिशवी अडकली आहे असं लांबून वाटलं. जवळ गेलो तर ढोकरी. बसलेली ढोकरी मातकट दिसते, पंख उघडले की पांढरीशुभ्र, म्हणून तसं वाटलं. काल संक्रांतीला कटलेल्या पतंगाचा मांजा उजव्या पंखात गुंतलेला, आणि ती त्याच पंखावर लोंबत होती. रात्रभर असावी.

मामा शिडी घेऊन चढले. मी खालून सांगत होते: आधी डोळ्यांवर टॉवेल टाका, चोच स्वतःच्या तोंडापासून लांब ठेवा. बगळ्याच्या जातीचे पक्षी भेदरले की सरळ डोळ्यावर मारतात. डोकं झाकलं तशी ती शांत झाली. मांजा ओढून काढायचा नाही, आधी फांदीपासून कापायचा आणि मग पंखातून एकेक फेरा सोडवायचा. तरी दोन फेरे कातडीखाली गेले होते, ते तसेच ठेवले. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यात ठेवली. पाणी पाजलं नाही. घाबरलेल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं, आणि वाचवायला गेलेला माणूसच त्याला मारतो. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन केला, दीड तासात माणूस आला.

नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरी दर संक्रांतीला तो आकाशात असतोच. सुती दोरा पाऊस-उन्हात कुजून तुटतो, नायलॉन वर्षानुवर्षं झाडावर तसाच राहतो. आज आम्ही सगळ्या झाडांवरून मिळेल तेवढा मांजा उतरवला, बाजाराची अख्खी पिशवी भरली. त्यात काही दोरे उन्हाने रंग उडालेले होते. म्हणजे ते काल-परवाचे नव्हते.

१८ जानेवारी

ढोकरी गेली. पंखाचा स्नायूच तुटला होता.

१७ फेब्रुवारी

चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट संपली. भारतात हा उपक्रम २०१३ पासून चालू आहे. किमान १५ मिनिटं पक्षी पाहायचे, यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची, त्यामुळे घराच्या गच्चीवरूनही भाग घेता येतो. आम्ही चारही दिवस खाणीतच केली. चार दिवसांच्या एकूण जाती, थांब्याप्रमाणे:

डोह १४, उतार १९, बांध १७, भराव ११.

हे आकडे मी दोनदा तपासले. ज्या भरावावर आम्ही साडेतीनशे झाडं लावली, दोन वर्षं पाणी घातलं, फोटो काढले, तिथे सगळ्यांत कमी जाती. ज्या बांधावर आणि उतारावर आम्ही काही लावलं नाही, तिथे जास्त. झाडं लहान आहेत, दहा वर्षांनी चित्र बदलेल, हे खरं. पांगारे फुलतील तेव्हा भोरड्या आणि सूर्यपक्षी येतील. पण आज या जागेचं जे काही मोल आहे ते आम्ही लावलेल्यात नाही, राहू दिलेल्यात आहे. हे लिहिताना मन थोडं खट्टू होतं, पण आकडे आमचेच आहेत.

८ मार्च

बांधाला वेड्या राघूंनी बिळं पाडायला सुरुवात केली. नऊ जोड्या.

सकाळी सात ते साडेदहा मी शंभर पावलांवर, बोरीच्या आडोशाला बसून होते. एक पक्षी बांधाच्या उभ्या भिंतीला नखांनी चिकटतो, चोचीने टोकतो. भोक अंगाएवढं झालं की आत शिरतो, आणि मग फक्त मातीचा फवारा दिसतो, पायांनी मागे उडवलेली लालसर धूळ. तो दमला की बाहेर येऊन तारेवर बसतो आणि जोडीदार आत जातो. इवलीशी चोच आणि काडीसारखे पाय. पण बीळ पूर्ण झालं की हात कोपरापर्यंत घातला तरी टोक लागत नाही. ते मीटरभर, कधी त्याहून खोल असतं.

नराने मधेच एक चतुर पकडला. फांदीवर डावी-उजवीकडे चार वेळा आपटला, पंख गळून पडले, मग मादीच्या शेजारी सरकून तिच्या चोचीत दिला. मधमाशी पकडली की आपटण्याबरोबर तिची शेपटाकडची बाजू फांदीवर घासतात, नांगी आणि विष निघून जावं म्हणून.

बांधच का, याचा विचार केला. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात, बीळ ढासळेल. कड्याचा दगड चोचीला दाद देणार नाही. भरावात विटा आणि प्लास्टिक. मुरूम मात्र पोखरता येतो आणि तरी उभा राहतो. खाण उघडणाऱ्याने निरुपयोगी म्हणून बाजूला लोटलेला तो थर आहे.

दुपारी एकजण मोठी लेन्स घेऊन बिळांसमोर अगदी पाच-सहा फुटांवर ठाण मांडून बसला होता. पक्षी चोचीत किडे घेऊन वर घिरट्या घालत होते, उतरत नव्हते. मामांनी त्याला अदबीने उठवलं आणि माझ्याजवळ आणून बसवलं. शंभर पावलांवरून पाहिल्यावर त्यालाच नवल वाटलं की आता सगळे पक्षी कसे उतरले. घरट्यांची नेमकी जागा आम्ही याद्यांत लिहीत नाही. ईबर्डवर विणीच्या नोंदी हंगाम संपल्यावरच टाकतो.

२ एप्रिल

जागेचं सुशोभीकरण मंजूर झालंय. नकाशा पाहिला. भरावावर लॉन आणि बाके. डोहाभोवती पेव्हर ब्लॉकची वाट. डोहात कारंजं. उताराला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर. बांध सपाट करून तिथे पार्किंग. काम एप्रिलअखेर सुरू.

आज दुसरं काही लिहवत नाही.

१० एप्रिल

टिटवीने अंडी घातली. भरावाच्या कडेला क्रशरची जुनी खडी सांडलेली आहे, जिथे आमचं एकही झाड लागलं नाही, तिथे. चार अंडी, मातकट, काळे डाग, टोकं आत. एकदा नजर काढली की पुन्हा सापडत नाहीत. मामा म्हणाले, “उंचावर घातलीत, पाऊस चांगला होणार.” त्यांच्या वडिलांचा हा आडाखा. टिटवीने नदीच्या पात्रात अंडी घातली की दुष्काळ, उंचावर घातली की पाऊस.

घरट्याजवळ खूण करायची नाही, कुत्री आणि कावळे माणसाची खूण वाचतात. वीस पावलांवर चारी बाजूंना चार मोठे दगड ठेवले, तेवढीच आमची हद्द.

दुपारी पारा चाळिशीच्या घरात. टिटवी अंड्यांवर ऊब द्यायला नाही, सावली द्यायला उभी होती. जोडीदार उतारावर गेला, पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवली, चालत परत आला आणि ओलं पोट अंड्यांवर टेकवलं. दोघांची पाळी अशीच चालू होती.

१९ एप्रिल

बैठक झाली. मी भाषण तयार केलं होतं, ते पिशवीतच राहिलं. त्याऐवजी त्यांच्याच नकाशाची झेरॉक्स टेबलावर पसरली आणि वर्षभराच्या नोंदी त्यावर ठिपक्यांनी दाखवल्या. हिरवा ठिपका वीण, निळा हिवाळी पाहुणा. बांध हिरवा, उतार निळा, भराव जवळजवळ कोरा. समोरचे अभियंते बराच वेळ पाहत राहिले. मग विचारलं, “म्हणजे आमचं लॉन जिथे आहे तिथे तुमची हरकत नाही?”

नाही, असं मी सांगितलं, आणि मनापासून सांगितलं. कॉलनीतल्या आजी-आजोबांना बसायला जागा हवी, मुलांना पळायला हवी. ती भरावावर होऊ दे. आमचे काही गुलमोहर त्यात जाणार असले तरी होऊ दे. त्यांनी वाईट हेतूने काही आखलं नव्हतं. त्या नकाशात बांध म्हणजे फक्त मातीचा ढीग होता आणि उतार म्हणजे फक्त झिजलेला रस्ता, इतकंच. वर्षभरापूर्वी माझ्याही वहीत ते तसेच होते.

ठरलं ते असं: बांध राहील, पार्किंग फाटकाबाहेर. उताराचं पिचिंग रद्द. पेव्हर ब्लॉकची वाट कड्याच्या बाजूने, उतारापर्यंत न आणता. भरावाचं काम टिटवीची पिल्लं निघाल्यावर. कारंज्याचा निर्णय लांबणीवर, त्यावर आम्हाला पुन्हा जावं लागेल. टिबुकलीचं घरटं पाण्यावर तरंगतं, कारंज्याच्या लाटांत ते टिकणार नाही.

मामा बाहेर थांबले होते. सांगितल्यावर काही बोलले नाहीत, डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

८ मे

सकाळी सहाला चार अंड्यांच्या जागी तीन पिल्लं आणि एक अंडं. आई कवचाचा तुकडा चोचीत धरून लांब टाकून आली. आतून पांढरं दिसणारं कवच कावळ्याच्या नजरेत भरतं, म्हणून. पिल्लं ओली होती तोवर तिच्या पोटाखाली, वाळल्यावर लगेच चालू लागली. आकाशात घार दिसली. टिटवीने एकच तीव्र आवाज दिला आणि तिन्ही पिल्लं जागच्या जागी चपटी झाली. माझी नजर त्यांच्यावरच होती, तरी खडीत ती कुठे आहेत हे मला दिसेना. घार गेली, दुसरा हलका आवाज झाला, आणि तीन खडे उठून चालू लागले.

चौथं अंडं संध्याकाळपर्यंत फुटलं नाही.

त्याआधी सकाळी साडेनऊला जोडीने पिल्लांना घेऊन खडी सोडली. आम्ही लांबून मागे. भराव ओलांडून, बोरीखालून, आडव्या दगडाच्या फटीतून ती सगळी उतारावर पोचली. तिथे पाणी खाली गेल्यामुळे हातभर रुंद ताजा चिखल होता. पिल्लांनी चोची खुपसायला लगेच सुरुवात केली. पूर्ण वाट चालायला त्यांना चाळीस मिनिटं लागली.

२४ मे

बांधावर वेडे राघू. नऊपैकी सात बिळांतून पिल्लं बाहेर पडली आहेत, संध्याकाळी एका तारेवर तेवीस पक्षी अंगाला अंग लावून बसले होते. पिल्लांच्या शेपटीला अजून मधली लांब पिसं नाहीत, त्यामुळे मोजणं सोपं.

उतारावर टिटवीची दोनच पिल्लं. तिसरं गेल्या आठवड्यापासून नाही. दोन शेकाट्ये, एक तुतवार. एवढ्या उशिरापर्यंत तो राहिलेला आम्ही प्रथमच नोंदवतो आहोत.

भरावावर लॉनची माती येऊन पडली आहे. मामांनी ट्रकवाल्याला उताराच्या बाजूने वळू दिलं नाही, स्वतः पुढे चालत फाटकापर्यंत नेलं. नव्या वर्षाची पहिली गणना ८ जूनला. दुर्बिणीचा पट्टा तुटायला आलाय, तो त्याआधी शिवून घ्यायचा.